झाकण उघडं असताना

आमच्या घरात एक नियम होता आणि तो मीच केलेला होता, त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या नावानं बोटं मोडायची सोय नाही. लॅपटॉपचं झाकण उघडं असलं की मी ऑफिसात आहे असं समजायचं. बंद असलं की मी घरात. पुण्याची खोली सोडून हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावला सासरी राहायला आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूबाईंना समोर बसवून मी हे समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, "बराबर हाय, हापिस म्हंजे हापिस" म्हणाल्या आणि त्या दिवसापासून नियम पाळायला लागल्या. माणसानं एखादा नियम इतका पाळू नये.

घरात आम्ही दोघीच. सासरे गेल्यावर सासूबाई एकट्या पडल्या होत्या. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, शाळा जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, त्यामुळे तो शनिवारी येतो आणि सोमवारी पहिल्या गाडीनं जातो. शेत बटईनं दिलेलं. माझी कंपनी घरून काम करू देत होती, म्हणून मी आले. पाहुण्यारावळ्यांनी माझं फार कौतुक केलं आणि मीही ते बिनतक्रार करून घेतलं.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्यांचा डावा डोळा लहानपणी ज्वारीचं कुसळ जाऊन अधू झालेला. सगळा कारभार उजव्या डोळ्यावर, आणि त्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. हिंगोलीच्या एका दवाखान्यात महिन्यातून एका गुरुवारी बाहेरगावचे डोळ्यांचे डॉक्टर येतात. त्यांनी तपासून स्पष्ट सांगितलं होतं, ऑपरेशन लवकर करा, फार पिकू देऊ नका, बाईंचा कामाचा डोळा हा एकच आहे. तेव्हा शेजारी मी उभी होते. "मी आणते त्यांना," असं मीच म्हणाले होते.

त्याच सुमारास नणंदेला पाचवा महिना लागला आणि आत्याबाईंनी बाळासाठी गोधडी शिवायला घेतली. टाके त्या सवयीनं घालायच्या, बोटांना सगळं पाठ. पण सुईत दोरा काही ओवता येईना. मला हाक मारावी तर माझं झाकण उघडं. मग त्यांनीच युक्ती काढली. सकाळी झाकण उघडायच्या आधी मी दहा सुया ओवून द्यायच्या, त्या एका जुन्या उशीच्या कोपऱ्यात ओळीनं टोचून ठेवायच्या, आणि दिवसभर त्यांनी एकेक काढून वापरायची. दहा संपल्या की गोधडी गुंडाळून ठेवायची. अकरावी सुई त्यांनी मला कधी मागितली नाही.

मी काम काय करते तेही सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय माझी लाज पुरती कळायची नाही. मी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. तपासणीच्या आदल्या दिवशी मोबाईलवर 'उद्या आपली तपासणी आहे, कृपया वेळेवर यावे' असा मेसेज येतो ना, तसले मेसेज पाठवणारा भाग माझ्याकडे आहे. लोकांनी दवाखान्यात वेळेवर पोचावं यासाठी मला पगार मिळतो.

आता डबड्याबद्दल. हे नाव आत्याबाईंचं. ते हातात धरून गेम खेळायचं एक यंत्र आहे. मध्ये वीतभर पडदा, दोन्ही अंगांना बटणं आणि अंगठ्यानं फिरवायच्या दोन बुटक्या दांड्या. पुण्यात असताना हौसेनं घेतलेलं. मला गेमचं वेड आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही. बायका मालिका बघतात, मी गेम खेळते. पण हे यंत्र दिसायला खेळणं असलं तरी आतून पुरता कॉम्प्युटर आहे. त्याला घडीचा कीबोर्ड जोडला की मी त्यावर कोड लिहू शकते, तपासू शकते, पुण्याला पाठवूही शकते. एवढं साधं वाक्य मी गोरेगावात इतक्या वेळा आणि इतक्या लोकांना सांगितलं आहे की आता ते म्हणताना माझंच डोकं उठतं.

कारण आमच्याकडे लाईट जाते. सगळीकडेच जाते म्हणा, पण आमच्या फिडरची लाईट माझी मीटिंग बघून जाते. कंपनीनं दिलेला लॅपटॉप म्हातारा, त्याची बॅटरी अर्ध्या तासात मान टाकते. इन्व्हर्टरवर दोन दिवे आणि एक पंखा कसाबसा चालतो. लाईट गेली की इंटरनेटही गेलं, मग मोबाईलच्या रेंजवर भिस्त, आणि मोबाईलची रेंज आमच्या घरात फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या पूर्वेच्या अंगाला मिळते. दुसऱ्या अंगाला नाही. तेव्हा लाईट गेली की मी डबडं, घडीचा कीबोर्ड आणि मोबाईल घेऊन टाकीच्या सावलीत जाऊन बसायची. कोड लिहायला डबड्याची बॅटरी चार-पाच तास पुरते. माझं निम्मं काम त्या टाकीला टेकून झालेलं आहे.

आणि हे निम्मं काम गावाच्या दृष्टीनं गेम होतं. समोरच्या गच्चीवर पापड वाळत घालायला येणाऱ्या काकू रोज न चुकता विचारायच्या, "काहून गं, आज सुट्टी हाय का? सकाळपासून खेळून राहिलीस." मी सांगायची, काकू, काम आहे. त्या हसायच्या. लहान लेकराला हसतात तसं.

काकूंचं एक वेळ सोडा. आत्याबाई लसणाची परात घेऊन वर यायच्या आणि माझ्यापुढे ठेवायच्या.

"एवढा लसूण सोलून दे बाई. रिकामीच हायेस तं."

"आत्याबाई, मी कामात आहे."

"काम?" त्या इकडं-तिकडं बघायच्या. "झाकन कुठं उघडं हाय?"

डबड्याला झाकणच नाही. मी एकदा अर्धा तास खर्चून त्यांना पटवायचा प्रयत्न केला की हाही कॉम्प्युटरच आहे, फक्त लहान आहे, यातही ऑफिस आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मंग तू ह्याच्यावर खेळत न्हाईस?" मी म्हणाले, खेळते, पण आत्ता नाही. त्या म्हणाल्या, "आता मले काय कळावं गं, कवा खेळ हाय न् कवा काम हाय? तेच डबडं, तेच बोटं." आणि लसूण माझ्यापुढे तसाच राहिला. मी एका हातानं सोलला. त्या दिवशी पाठवलेल्या कामात तीन चुका निघाल्या आणि मॅनेजरनं विचारलं, तब्येत बरी आहे ना?

एकदा सेनगावला रेशनकार्डात नाव घालायला निघाले होते. सुट्टी टाकलेली. जीप खचाखच, मी मागच्या बाकावर दोन पिशव्यांमध्ये अडकलेली, आणि पुण्याहून फोन आला की माझ्या भागात घोळ झालाय, पेशंटना एकाच तपासणीचे चार-चार मेसेज जाऊन राहिलेत. लोक दवाखान्यांवर चिडलेत, दवाखाने कंपनीवर, कंपनी माझ्यावर. लॅपटॉप घरी. पिशवीत डबडं होतं. मी ते काढलं, मोबाईलच्या रेंजला जोडलं, आणि हलत्या जीपमध्ये त्या दांड्यांनी आणि बटणांनी चुकीची ओळ शोधायला लागले. कीबोर्ड उघडायला जागाच नव्हती. समोर टोपी घातलेले एक काका बसले होते. त्यांनी गोरेगावची वेस ओलांडल्यापासून माझ्यावर नजर ठेवली होती.

"बाई," ते शेवटी म्हणाले, "माहं पोरगं बी दिवसभर ह्येच करून राहतं. तुमी तं शिकल्या-सवरल्या दिसता."

"काका, हे काम आहे."

"तो बी असंच म्हणते."

सगळी जीप हसली. ड्रायव्हरनं आरशातून बघितलं आणि कोणता गेम आहे, त्याच्या मोबाईलवर चालेल का, म्हणून विचारलं. मी दात-ओठ खात ती ओळ शोधून काढली, दुरुस्त केली, मेसेज थांबले. कंपनीच्या ग्रुपवर मला सगळ्यांनी टाळ्या पाठवल्या आणि जीपमधून उतरताना काकांनी मला डोळ्यांवर परिणाम होतो म्हणून समजावून सांगितलं. त्या दिवशी माझं डोकं जे फिरलं ते फिरलंच.

कामाला खेळ म्हणता काय? मग खेळालाच काम करून दाखवते. दुसऱ्या दिवशी दुपारी लाईट होती, काम संपलेलं होतं. मी डबड्यावरचा गेम लॅपटॉपवर टाकला, झाकण उघडलं आणि मांडी घालून खेळायला बसले. शेतीचा गेम. एक लहानसं शेत, एक झोपडं, कोंबड्या, विहीर. झारीनं पाणी घालायचं, पीक काढायचं, पुन्हा पेरायचं. गावभर खरी तूर उभी असताना हिला पडद्यावर शेती करायची हौस, असं कुणी म्हणालं असतं तर बरोबरच होतं. पण त्या शेतात लाईट जात नाही आणि मॅनेजर येत नाही, म्हणून मला ते आवडायचं.

पाच मिनिटांत चहा आला. आत्याबाईंनी पाय न वाजवता तो कडेला ठेवला, बाहेर जाऊन दार लोटलं, आणि दाराशी स्टूल टाकून त्यावर बसल्या. हे स्टूल म्हणजे त्यांची पहाऱ्याची जागा. कुणी आलं की त्या ओठांवर बोट ठेवायच्या. त्या दुपारी हळदीकुंकवाचं आमंत्रण घेऊन आलेल्या बाईला त्यांनी बाहेरच्या बाहेर वाटेला लावलं. "आवाज नको करू माय, सून कामात हाय." आत मी पडद्यावरच्या शेतातले मुळे उपटत होते. मला इतकं हसू आलं की तोंडात पदर कोंबावा लागला.

हसू एका दिवसाचं होतं, सोय कायमची झाली. गच्चीवर डबड्यावर काम करायचं, लसूण सोलत, काकूंची बोलणी खात; आणि खाली येऊन झाकण उघडून राजासारखं खेळायचं. उलटंच सगळं. मी याला सूड म्हणत होते. खरं तर ती चटक होती, पण सूड म्हटलं की बरं वाटायचं.

एकदा आत्याबाई चहा ठेवताना थबकल्या. पडद्याकडे वाकून, डोळा बारीक करून म्हणाल्या, "हिरवं हिरवं दिसून राहिलं. शेत हाय का?"

"हो," मी म्हणाले. आणि जीभ पुढं घसरलीच. "शेताचंच सॉफ्टवेअर आहे. नवीन काम आलंय."

त्यांच्या तोंडावर असा आनंद पसरला की शब्द परत घेता येईनात. आठवडाभरात गल्लीत झालं की हिची सून सरकारच्या शेताचं काम करते. मग लोक मोबाईल घेऊन दारात यायला लागले, बाई, पीकपाहणीचा फोटो चढत न्हाई, बघा बरं. झाकण उघडं असेल तर आत्याबाई त्यांना परत पाठवायच्या. डबडं हातात असेल तर वर गच्चीवर पाठवायच्या. मी खरं काम करत असताना गोरेगावातल्या निम्म्या तुरीचे फोटो चढवून दिले आहेत.

या सगळ्यात डोळ्याची तारीख दोनदा हुकली. पहिल्यांदा कंपनीत नवीन आवृत्ती द्यायची होती, दुसऱ्यांदा माझ्या सोबतचा माणूस नोकरी सोडून गेला. दोन्ही वेळा काम खरं होतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. आत्याबाई दोन्ही वेळा म्हणाल्या, "राहू दे, पुढच्या बारीला जाऊ." उशीवरच्या दहा सुयांपैकी आता त्यांच्याकडून दोन-तीन तरी हरवायच्या. दोरा सुटला तर पुन्हा ओवता यायचा नाही, आणि सुटलेली सुई उशीत कुठं आहे तेही दिसायचं नाही. गोधडीचे टाके तिरपे जायला लागले होते. ते मला दिसत होते.

तिसरा गुरुवार मी मॅनेजरला आधीच बजावून ठेवला. फक्त नऊची मीटिंग, पंधरा मिनिटांची, तेवढी करून मी सुट्टीवर. आत्याबाईंना सांगितलं, "साडेनऊच्या जीपनं जायचं. माझी मीटिंग संपली की मी बाहेर येते, मग निघू." दवाखान्यात अकराच्या आत नाव लागलं पाहिजे, नाहीतर पुन्हा महिनाभर थांबायचं, हे दोघींनाही माहीत होतं. जीपवाल्याला त्यांनी आदल्या दिवशीच निरोप धाडला होता की दारावरून ने.

सकाळी त्या सहालाच तयार होत्या. ठेवणीतलं हिरवं लुगडं, डोक्यावरून पदर, पिशवीत दवाखान्याची फाईल आणि भाकरी. मी झाकण उघडलं आणि मीटिंगला बसले. मीटिंग पाच मिनिटांत आटोपली. मॅनेजर म्हणाला, तुम्हाला जायचंय ना, जा.

नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती. हाताशी वीस मिनिटं. मला काय वाटलं असेल? तयारी झालेली, पिशवी भरलेली, जीप यायची आहे. मी गेम उघडला. एक दिवस खेळावा म्हटलं. गेममधला एक दिवस दहा-बारा मिनिटांचा असतो. कानात हेडफोन होतेच. तो दिवस संपला तर पाऊस आला, म्हणजे पाणी घालायची गरज नाही, म्हणून आणखी एक. मग कोंबडीनं अंडी दिली. मग पेरणीचा शेवटचा दिवस होता. मी घड्याळाकडे बघितलं नाही असं नाही. एकदा बघितलं, ते गेममधलं होतं.

हेडफोन काढले तेव्हा सव्वादहा वाजून गेले होते.

दार उघडलं. आत्याबाई स्टुलावर बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीवर हात. मला बघून ताडकन उठल्या.

"झालं का काम?"

"जीप?" मी विचारलं.

"आली व्हती. लई हॉर्न वाजवून राहिला मेला. म्या म्हनलं, वाजवू नको, सून आत कामात हाय. थांबला दहा मिंटं. मंग गेला."

"आत्याबाई, दार वाजवायचं ना. हाक मारायची ना!"

त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू मीच काहीतरी वेडंवाकडं बोलले. "झाकन उघडं व्हतं की," त्या म्हणाल्या.

मी शेजारच्या दोन मोटारसायकलवाल्यांकडे पळाले. एकाची गाडी पंक्चर, दुसरा शेतात. दुसरी जीप अकराला होती आणि रस्ता तासाभराचा. मी अंगणात उभी राहून जीपवाल्यावर चिडले, दवाखान्याच्या वेळेवर चिडले, महिन्यातून एकदाच येणाऱ्या डॉक्टरवर चिडले. आत्याबाई मला समजावत होत्या. "कामापुढं काय करतं माणूस? तुहं काम महत्त्वाचं. इतके दिस गेले, आनिक एक महिना." मग त्यांनी ठेवणीतलं लुगडं बदललं, घडी घालून पेटीत ठेवलं आणि पिशवीतली भाकरी आम्ही घरीच खाल्ली. आदल्या दिवशी त्यांच्या मोबाईलवर मेसेज आला होता. 'उद्या आपली तपासणी आहे, कृपया वेळेवर यावे.' त्यांना तो वाचता आला नव्हता. मी वाचला होता.

शनिवारी नवरा आला. "काय झालं गुरुवारी?" त्यानं विचारलं.

"मीटिंग लांबली," मी म्हणाले.

"काय कंपनी आहे तुझी! माणसाच्या डोळ्यापेक्षा मीटिंग मोठी?" त्यानं माझ्या मॅनेजरला चार शिव्या हासडल्या. ज्या माणसानं मला 'जा' म्हटलं होतं त्याला. आत्याबाई मध्ये पडल्या. "तिले काहून बोलतो? पोरगी बिचारी आत राबत व्हती." मी ताटात बघत राहिले. मला माझीच चीड आली होती, आणि तरी मी खरं सांगितलं नाही.

त्या महिन्यात मी लॅपटॉपवरचा गेम उघडला नाही. सकाळी दहाऐवजी वीस सुया ओवून ठेवायची. त्याचाही त्यांनी गवगवा केला, सूनबाई किती जीव लावते म्हणून, आणि ते ऐकून मी आणखीच वैतागायची. नणंदेला मुलगी झाली, गोधडी अर्धीच होती. पुढच्या गुरुवारी लॅपटॉप कपाटात, डबडं कपाटात, मोबाईल बंद, असं करून मी आत्याबाईंना सकाळी सातच्या जीपनं हिंगोलीला घेऊन गेले. आठला आम्ही दवाखान्याच्या पायरीवर होतो, दार उघडायच्या आधी. डॉक्टरांनी डोळा बघितला, कपाळाला आठी घातली. "फार पिकवलात. आधी आला असतात तर सोपं गेलं असतं." मी उभी होते. तेव्हाही शेजारी मीच होते.

ऑपरेशनला ठरल्यापेक्षा जास्त वेळ लागला. डोळ्याची सूज आठवड्याऐवजी तीन आठवडे राहिली. दर चार तासांनी थेंब घालायचे. मी मोबाईलमध्ये गजर लावून एकही चुकवला नाही. पण त्या तीन आठवड्यांत त्या काळा चष्मा लावून भिंत चाचपत न्हाणीकडे जायच्या तेव्हा मला माझ्या कोंबड्या आठवायच्या. डोळा परत आला नाही तर मी यांना काय सांगू, एवढं एकच डोक्यात फिरायचं. कामात मन नव्हतं, खेळात तर नव्हतंच.

डोळा परत आला. पहिल्याच दिवशी त्यांनी समोरच्या गच्चीवरचे पापड मोजून दाखवले. स्वतःच्या हातांनी सुई ओवली, पुन्हा काढली, पुन्हा ओवली. गोधडीचे तिरपे टाके बघून खूप हसल्या आणि सगळे उसवून बसल्या. मला वाटलं, सुटले. खरंच, देवाची शपथ, मला सुटल्यासारखं वाटलं. आणि माणूस सुटला की काय करतो? चार दिवसांनी, जेवणाच्या सुट्टीत, मी झाकण उघडून गेम सुरू केला. जरासाच.

आत्याबाई चहा घेऊन आल्या. पाय न वाजवता, नेहमीसारख्या. कप ठेवता ठेवता त्यांची नजर पडद्यावर गेली आणि तिथंच राहिली. मी झाकण मिटायला हात उचलला, पण आता उशीर झाला होता.

"ही कोंबडी हाय का?"

"हो."

"आन् ही बाई? टोपीवाली? झारीनं पाणी घालून राहिली." त्या आणखी वाकल्या. स्वच्छ डोळ्यानं त्यांनी ते सगळं शेत या कडेपासून त्या कडेपर्यंत बघितलं. "ह्येच का ते शेताचं काम?"

झाकणाकडे उचललेला हात मी खाली घेतला.

"हा तं गेम हाय गं."

"हो, आत्याबाई. गेम आहे."

त्या सरळ उभ्या राहिल्या. मग हळू आवाजात विचारलं, "त्या गुरवारी बी ह्येच व्हतं?"

खोटं बोलता आलं असतं. मीटिंग होती म्हटलं असतं तर त्यांनी मानलं असतं, आणि पाच मिनिटांची का होईना, मीटिंग होतीच. माझ्या तोंडात तेच आलं होतं. पण ज्या डोळ्यानं त्या माझ्याकडे बघत होत्या तो डोळा समोर होता, अजून कडेनं लालसर.

"व्हय," मी म्हणाले.

"च्या पिऊन घे," त्या म्हणाल्या. "थंड व्हऊन राहिला." बाहेर गेल्या आणि जाताना दाराशी ठेवलेलं स्टूल उचलून स्वयंपाकघरात नेलं. मी रडले. त्यांना ऐकू गेलं असेल, पण त्या आल्या नाहीत.

मला वाटत होतं की बोलतील, नवऱ्याला सांगतील, गल्लीत सांगतील. तसं काही झालं नाही. नवऱ्याला शनिवारी मीच सांगितलं. तो ऐकून अंगणात जाऊन बसला आणि त्या रात्रीपुरता माझ्याशी बोलला नाही. आत्याबाई मात्र बोलत होत्या. भाजी काय करू, दूध आलं का, नणंदेचा फोन आला होता. फक्त झाकण उघडं असलं तरी आता त्या सरळ आत यायच्या, डबा शोधायच्या, पाट काढायच्या, पंखा बंद करायच्या. मीटिंगमध्ये एकदा मागून जोरात भांडं पडलं. मॅनेजर म्हणाला, घरी काही कार्यक्रम आहे का? मी नाही म्हणाले.

मग एका दुपारी लाईट गेली आणि मी डबडं घेऊन टाकीच्या पूर्वेच्या अंगाला जाऊन बसले. दोन तासांत एक दुरुस्ती द्यायची होती. आत्याबाई तुरीच्या शेंगांची परात घेऊन वर आल्या. परात माझ्यापुढे ठेवली नाही, कडेवरच धरून उभ्या राहिल्या.

"काम हाय का खेळ?"

"काम, आत्याबाई."

"खरंच?"

इतक्या दिवसांत हा शब्द त्यांनी मला एकदाही विचारला नव्हता. झाकण उघडं असलं की मी म्हणेन ते त्यांनी खरं धरलं होतं. दारात स्टूल टाकून खरं धरलं होतं. हो म्हणवेना. मी डबडं त्यांच्याकडे फिरवलं.

त्यांनी परात खाली ठेवली, गुडघ्यांवर हात टेकून वाकल्या आणि पडदा बघायला लागल्या. काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांच्या ओळी. त्यातलं एक अक्षर त्यांना वाचता येत नाही. तरी वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत, हळूहळू, त्यांनी सगळं बघितलं.

"ह्याच्यात कोंबडी न्हाई," त्या म्हणाल्या. मग परात स्वतःपुढे ओढून बसल्या आणि एकट्याच शेंगा सोलायला लागल्या.